लुगड्याला कात्री नाही

मी माफी मागितलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर अधूनमधून कुणीतरी ती गोष्ट काढतं आणि दर वेळी ती थोडी जास्त गोड होऊन येते. शालननं मोठ्या मनानं माफी मागितली, फादरांनी मोठ्या मनानं माफ केलं, मग सगळ्यांनी खीर खाल्ली. यातली खीर तेवढी खरी आहे. बाकीचं कसं झालं ते लिहून ठेवायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि माझी स्मरणशक्ती अजून शाबूत आहे, घरातल्यांना कितीही शंका असली तरी.

बेळगावच्या वडगावातलं आमचं घर म्हणजे पुढच्या सोप्यात दोन पॉवरलूम, मागच्या खोलीत आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना हातमाग आणि यांच्यामध्ये जी काही जागा उरेल तिच्यात आम्ही माणसं. सकाळी अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बटण दाबायचा आणि जो खडखडाट सुरू व्हायचा तो संध्याकाळपर्यंत. भांडी हलायची, भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं, पाण्याच्या तांब्यात बारीक लाटा उठायच्या. त्यामुळं आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. मीठ मागायचं असलं तरी ओरडून, लाडानं हाक मारायची तरी ओरडून. शेजारपाजारची घरंही तशीच, म्हणून त्यात काही विशेष वाटायचं नाही. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयातल्या सिस्टरनी मला तीनदा बाहेर काढलं. माझ्या मते मी कुजबुजत होते.

सुताचा बारीक कापूस दिवसभर हवेत तरंगायचा. भाताच्या पातेल्यावर, दुधावर, केसांवर. म्हणून आम्ही जेवायला परसदाराकडं तोंड करून बसायचो. ज्वारीची भाकरी, मसुराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा. आई चुलीपाशी बसूनच वाढायची आणि वाढता वाढता कांड्या भरल्या का विचारायची. मागातून इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरणं हे घरातल्या बायकांचं काम. आई, वहिनी आणि मी. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा अण्णाचा पहिला प्रश्न तोच होता, आता कांड्या कोण भरणार. मी म्हटलं, पहाटे उठून माझ्या वाटच्या भरून जाईन. तीन वर्षं भरल्या. परीक्षेच्या दिवशीसुद्धा भरल्या. हे सांगताना माझा आवाज अजून चढतो, त्याला इलाज नाही.

फादरांचं कॉलेज आप्पांनी निवडलं ते एका कारणासाठी. प्रवेशाचं विचारायला आम्ही दोघं गेलो होतो. आप्पांच्या धोतराला मागाचं तेल लागलेलं, पायात चप्पल नाही. प्रिन्सिपल फादर इनास काहीतरी लिहीत बसले होते. आप्पा दारात दिसताच ते खुर्चीतून उठले, पूर्ण उभे राहिले आणि आप्पा बसेपर्यंत उभेच राहिले. आप्पांसाठी बेळगावात कुणी खुर्चीतून उठलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. कापडाच्या पेठेत आप्पा तासन् तास उभे असायचे आणि समोरचा पान खात बसलेला असायचा. परत येताना आप्पा एवढंच म्हणाले, "हितंच शिक."

कॉलेजात सगळा मुलूख भरलेला होता. खानापूरकडची शेतकऱ्यांची मराठी पोरं, बैलहोंगलकडची कन्नड पोरं, कोकणी बोलणारी कॅथलिक मुलं, थोडे उर्दूवाले. कँटीनमध्ये ज्याची त्याची टेबलं ठरलेली. भांडण नसायचं, पण टेबल बदलायचंही नाही. फादर इनास मधूनच येऊन चुकीच्या टेबलावर बसायचे आणि ज्याला जी भाषा कमी येते तीत त्याच्याशी बोलायचे. माझ्याशी कायम कन्नड. मला ते बरं बोलता येई, पण आमच्या घराच्या आवाजात बोलले की ते भांडण वाटायचं.

दरवर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला कॉलेजात मेरीमातेचं फेस्त, म्हणजे सण, असे. त्याआधीचे नऊ दिवस रोज सभागृहात प्रार्थना, रोज फुलं आणि फेस्ताच्या दिवशी नव्या भाताच्या कोवळ्या लोंब्या आणून देवाचे आभार मानायचे, नव्या तांदळाची खीर खायची. त्यात फादर इनासांनी स्वतःची एक रीत घातली होती. नऊ दिवसांतला एकेक दिवस एकेका वर्गाचा. त्या वर्गातल्या प्रत्येकानं, मग तो कुठल्याही धर्माचा असो, आपल्या घरच्या हातांनी केलेली एक वस्तू आणायची आणि टेबलावर ठेवायची. विकत आणलेलं चालायचं नाही. पोरं गुळाची ढेप आणायची, वांगी आणायची, कुणी चुलतीनं विणलेली बुट्टी, कुणी खानापूरच्या रानातला मध. मी शेवटच्या वर्षाला गेले तेव्हा आमच्या वर्गाचा दिवस पहिलाच होता.

महिनाभर आधी मी मागच्या खोलीच्या दारात उभी राहून आप्पांना ओरडून सांगितलं, कॉलेजात सण आहे, घरचं काहीतरी न्यायचं आहे.

"कुणाचा सण?" आप्पांनी हातमाग न थांबवता विचारलं.

"मेरीमातेचा."

"आई हाय व्हय ती?"

"व्हय. नऊ दिवस फुलं वाहत्यात तिला."

"नऊ दिवस?" आप्पांचा हात थांबला. मग त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांना सगळं समजलं. मलाही वाटलं, समजलं.

नऊ दिवसांची आई म्हटल्यावर आमच्या घरात दुसरं काय समजणार? आमच्या वडगावच्या मंगाईदेवीला नेसवतात तसलं हिरवं लुगडं, तांबडा काठ, पूर्ण नऊ वार. देवीचं कापड आप्पा पॉवरलूमवर कधी काढत नसत. पहाटे अंघोळ करून, कुणाशी न बोलता, हातमागावर. आमच्या घरची आणखी एक रीत होती. मागावरून उतरवताना सुतं तोडायची तेवढीच. त्यापुढं देवीच्या कापडाला कात्री लागत नाही, सुई लागत नाही. महिनाभर आप्पांनी आपली झोप त्यात घातली. विणून झाल्यावर ते पाटावर ठेवून आईनं हळदकुंकू वाहिलं आणि मी ते छातीशी धरून सिटी बसनं कॉलेजला नेलं. बसमध्ये कुणाला टेकू दिलं नाही.

आता माझी चूक सांगते, कारण दुसऱ्यांच्या सांगणार आहे तर आपलीही सांगायला हवी. आधीची दोन वर्षं आमच्या वर्गाच्या दिवशी मी दांडी मारली होती आणि बाकीच्या दिवशी त्या प्रार्थनेला मागच्या रांगेत उभी राहिले होते. पुढं फुलांचा हा एवढा ढीग असायचा. त्या ढिगात मूर्ती कुठली आहे हे मी पाहिलंच नव्हतं. चॅपेलच्या कोनाड्यात माणसाएवढी उंच मेरीमाता होती, तीच असणार असं मी धरून चालले होते. कुणाला विचारावं असंही कधी मनात आलं नाही.

पहिल्या दिवशी फुलांचा ढीग अजून साचला नव्हता. माझं नाव पुकारल्यावर मी पुढं गेले आणि लुगड्याची घडी उलगडली. टेबलाच्या मधोमध एक वीतभर मूर्ती होती. वीतभर. आमच्या धोट्यापेक्षा छोटी. लुगडं टेबल झाकून दोन्ही बाजूंनी जमिनीवर आलं. आणि पहिल्या रांगेत बसलेली रोझलिन हसली. खानापूरची होती ती, माझ्याच वर्गातली, प्रार्थनेत गाणी म्हणणारी, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलणारी. तिनं तोंडावर हात धरला, तरी हसू फुटलंच. मग सगळं सभागृह हसलं. फादर इनासही हसले. मग म्हणाले, "फार सुंदर विणलंय. सिस्टर यातला छोटासा तुकडा कापून मूर्तीला शिवतील. उरलेलं वेदीवर घालायला होईल." आणि शिवणकामाच्या सिस्टर खरोखरच कात्री घेऊन आल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त कात्री दिसली.

"कात्री लावायची न्हाय!" मी म्हणाले. घरच्या आवाजात.

सिस्टरची कात्री उघडीच राहिली.

"शालन," फादर हळू म्हणाले, "दिलेली वस्तू देणाऱ्याची राहत नाही."

"मग दिलीच न्हाय म्हणा."

मी लुगडं ओढून काखेत कोंबलं आणि चालू लागले. नऊ वार कापड असं घाईत गोळा होत नाही. त्याचा पदर माझ्यामागून दारापर्यंत घसटत आला, आणि मी मागं वळून तो उचलला नाही, कारण वळले असते तर रडले असते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली. मातेच्या चरणी वाहिलेली वस्तू उचलून नेली आणि प्रार्थनेत गोंधळ घातला याबद्दल मी फेस्ताच्या दिवशी सर्वांसमोर माफी मागावी. तोवर माझ्या परीक्षेच्या फॉर्मवर प्रिन्सिपलची सही होणार नाही. सही नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे तीन वर्षांच्या पहाटेच्या कांड्या पाण्यात. वर्गातल्या चांगल्या चांगल्या मुली येऊन मला समजवू लागल्या. एवढे उपकार आहेत फादरांचे, तुझ्यासारखीला घेतलं, वाक की जरा. हा "तुझ्यासारखीला" शब्द मी आयुष्यभर लक्षात ठेवला आहे. उपकाराची आठवण करून देऊन माणसाला गप्प बसवणारे लोक मी तेव्हापासून ओळखून आहे आणि त्यांना मी भीक घालत नाही.

तिसऱ्या दिवशी मराठी टेबलावरची पोरं माझ्याकडं आली. त्यांच्या हातात लाल रंगानं लिहिलेला फलक होता. मराठी मुलीचा अपमान सहन करणार नाही, असं काहीतरी. उद्या वर्ग बंद पाडतो, म्हणाले, तू फक्त पुढं उभी राहा. या गावात असला फलक एकदा रस्त्यावर आला की पुढं काय होतं ते मला माहीत होतं. दुसऱ्या टेबलावरून दुसरा फलक येतो, मग बसच्या काचा फुटतात. आणि मूळ गोष्ट काय होती ते कुणाला आठवत नाही.

"लुगडं माझ्या बापानं विणलंय," मी त्यांना म्हटलं. "त्याचा झेंडा करायचा न्हाय. ठेवा त्यो फलक."

"अगं, तुझ्यासाठीच कराय लागलोय!"

"माझ्यासाठी कराय लागलाय तर मी काय म्हंतो ते ऐका की." आमच्या भागात बायकाही 'मी म्हणतो, मी जातो' असंच बोलतात. पुण्याची सून झाल्यावर मला ते सोडायला लावायचा पुष्कळ प्रयत्न झाला.

घरी वेगळीच तऱ्हा. अण्णाला गल्लीत कुणीतरी सांगितलं होतं की तुमच्या घरचं देवीचं लुगडं चर्चमध्ये नेऊन हसं करून आणलं. तो लूमच्या वर आवाज चढवून माझ्यावर ओरडला. कशाला नेलंस? उद्यापासून कॉलेज बंद! मी तितक्याच जोरानं सांगितलं, कॉलेजबी सोडणार न्हाय, माफीबी मागणार न्हाय.

"दोन्ही कसं जमंल गं?"

"जमवतो."

कसं जमवणार होते ते मला अजिबात माहीत नव्हतं.  आप्पांनी ते लुगडं घडी करून पुन्हा पाटावर ठेवलं होतं. हसले म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, विणीत काही खोट होती का. मी म्हटलं, नाही आप्पा, खोट नव्हती. त्या रात्री मी जेवले नाही.

सातव्या दिवशी दुपारी फादर इनास आमच्या गल्लीत आले. पांढरा झगा, त्याला गुडघ्यापर्यंत चिखल, हातात छत्री आणि मागून रोझलिन, मान खाली घालून. सगळी गल्ली दारात आली. अण्णा लूमपाशी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आप्पा मागच्या खोलीतून बाहेर आले, पाहुणे कोण आहेत ते पाहिलं आणि त्यांनी जाऊन दोन्ही लूमची बटणं बंद केली. आमच्या घरात कामाच्या दिवशी माग थांबवायचे ते फक्त मरणाला आणि मानाच्या पाहुण्याला.

सगळं शांत झालं, आणि त्याबरोबर वरच्या वाशाला टांगलेल्या झोळीत अण्णाचं दोन महिन्यांचं पोर टाहो फोडून रडायला लागलं. मागवाल्यांची पोरं खडखडाटात गाढ झोपतात. माग थांबला की जागी होतात. आई पुढं होऊन झोळीची दोरी ओढू लागली.

फादर लूमच्या कडेला बसले. "मी विचारायला आलोय," ते आप्पांना म्हणाले. "सभागृहातच विचारायला हवं होतं. ते राहून गेलं. कापड का कापायचं नाही?"

आप्पांना बोलायची सवय नव्हती.  "मूर्ती ल्हान म्हणून कापड ल्हान दिलं," ते म्हणाले, "तर आपण देवीचं माप काढलं, असं हुतंय. देवाचं माप काढू न्हाई, फादर."

फादरांनी मान हलवली. मग माझ्याकडं वळले. "आणि आमच्याकडं आईच्या पायाशी ठेवलेलं कुणी उचलत नाही. तू उचललंस ते मला फार लागलं. माझ्या आईला कुणी ढकलावं तसं."

"मला ठाऊक न्हवतं," मी म्हटलं.

"मलाही कात्रीचं ठाऊक नव्हतं." ते म्हणाले. "पण तुला न सांगता नोटीस लावली, ती चूक आहे हे ठाऊक असून लावली."

 भांडणाची तयारी करून बसलेल्या माणसासमोर असं कुणी बोललं की मोठी पंचाईत होते. म्हणून मी रोझलिनवर घसरले. "आणि ही का हसली? वडगावचं कापड म्हणून?"

रोझलिनचे डोळे भरले होते. "कापडाला कोण हसेल गं?" ती म्हणाली. "ते मेरीच्या जन्माचं फेस्त आहे. ती मूर्ती बाळ मेरीची. आज जन्मलेली पोर. तू तिच्यासमोर नऊवारी धरलीस आणि मला वाटलं, हिला आता नेसवणार कोण आणि चालवणार कोण."

आईच्या हातातली दोरी थांबली. "काय म्हंतीस? पोर हाय ती?"

"हो काकू. पाळण्यातली."

आणि आमची आई हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पदर तोंडात कोंबून. वहिनी हसली, आप्पांच्या मिश्यांखालीसुद्धा काहीतरी हललं. "आणि ह्या शाणीनं बारशाला नऊवारी नेली! अगं, टोपडं न्यायचं, दुपटं न्यायचं! दोन वरसं काय बघालतीस थितं?"

मी संतापानं लाल झाले होते. सात दिवस मी ज्या हसण्यावर लढले होते ते हसणं माझ्याच घरात, माझीच आई हसत होती, आणि मला ते अपमानाचं वाटेना. त्याचाच जास्त राग आला. कबूल करते, मलाही मग हसू आलं, पण ते मी दाराबाहेर जाऊन हसले.

परत आत आले तेव्हा आई फादरांना झोळी दाखवत होती. "ही बघा. ह्येबी अख्खं लुगडं हाय. ह्येंनीच विणल्यालं. कात्री न्हाय, सुई न्हाय. वाशाला दोन गाठी मारल्या की झालं. आमची समदी पोरं ह्यातच मोठी झाली. ही शालनबी." ती माझ्याकडं वळली. "सात दीस भांडालीस, त्यांच्यातल्या कुणी इचारलंच न्हाय व्हय, न कापता कसं करायचं म्हणून? आणि तूबी सांगितलं न्हाईस?"

मला सुचलंच नव्हतं, हे खरं उत्तर. रोज पहाटे त्या झोळीखाली बसून मी कांड्या भरत होते. कापायचं नाही एवढ्यावर मी ठाम होते आणि ठाम असणं मला इतकं पुरेसं वाटत होतं की त्यापुढं डोकं चाललंच नाही. हा दोष माझ्यात अजून आहे. पण ठाम राहिले नसते तर दुसऱ्याच दिवशी त्या लुगड्याच्या चिंध्या झाल्या असत्या, हेही तितकंच खरं.

फेस्ताच्या दिवशी नोटीस फळ्यावर तशीच होती. सभागृह खच्चून भरलं होतं. फादरांनी मला वर बोलावलं आणि म्हणाले, तुला जे बोलायचं असेल ते बोल, मधे कुणी बोलणार नाही, मीही नाही. लुगड्याची झोळी सभागृहात बांधायची हे घरीच ठरलं होतं, म्हणून आई आणि आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. अण्णा येणार नाही म्हणाला होता, पण झोळीची गाठ बायकांकडून सुटेल, असं म्हणत सुताचा दोर घेऊन आलाच होता. तो दारापाशी उभा होता, आत न येता.

माईकची मला गरज नव्हती. मी म्हटलं, "मी माफी मागायला उभी नाही. माझे आप्पा पहिल्यांदा या कॉलेजात आले तेव्हा फादर खुर्चीतून उठले होते. ते कुणी विसरलं तरी मी विसरणार नाही. त्यासाठी आमच्या घरातून कितीही लुगडी जातील. मी मरेपर्यंत आभारी आहे. पण आभारी आहे म्हणून मी आप्पांच्या हातचं कापड कापू देणार नाही. आभार मानणं आणि मान खाली घालणं मला एकच वाटत नाही. ज्याला वाटतं त्यानं माझ्या फॉर्मवर सही करू नये." मग जे घरी बोलता आलं नव्हतं ते बोलले. "तुमच्या आईच्या पायाशी ठेवलेलं मी उचललं. ते काय असतं ते मी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं."

कुणी टाळी वाजवली नाही. फादर उठले, फळ्यापर्यंत चालत गेले आणि त्यांनी नोटीस काढून झग्याच्या खिशात घातली. मग माझा फॉर्म मागून घेतला आणि उभ्या उभ्याच, फुलांच्या टेबलावर ठेवून सही केली. शाईवर झेंडूची पाकळी चिकटली. विद्यापीठानं तो फॉर्म तसाच घेतला.

मग आई पायऱ्या चढून मंचावर आली. उभ्या आयुष्यात ती अशा ठिकाणी चढली नव्हती, पण पोर झोळीत घालायचं असल्यावर तिला कुणाची भीती नव्हती. अण्णा चपला दाराशी काढून आत आला, स्टुलावर चढला आणि पडद्याच्या लोखंडी दांडीला त्यानं दोर बांधला. एका बाजूला कन्नड टेबलावरचा उंच पोरगा स्टूल धरून उभा, दुसऱ्या बाजूला तो फलकवाला. आईनं हिरव्या लुगड्याच्या दोन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या. रोझलिननं मूर्ती दोन्ही हातांनी उचलून आईच्या ओंजळीत दिली.

"नाव काय म्हणालीस हिचं?" आईनं विचारलं.

"मेरी."

"आणि हिच्या आईचं?"

"आना."

"बाई," आई मूर्तीला म्हणाली, "तूबी आमच्या पोरांसारखी आईबापाची हाईस म्हण की." तिनं बाळाला झोळीत ठेवलं, वर लोंब्या ठेवल्या आणि हलकेच झोका दिला. सवयीनं तिच्या तोंडून पाळणा आला. मंगाईच्या आळीत म्हणतात तोच, नाव तेवढं बदलून. रोझलिननं दुसऱ्या कडव्याला आवाज दिला, तिला तो कुठून येत होता देव जाणे. दोरी हातोहात गेली. शिवणकामाच्या सिस्टरनी ओढली, बैलहोंगलच्या पोरांनी ओढली. फादर बाजूला उभे होते. आईनं दोरी त्यांच्यापुढं धरली.

"ओढा की फादर. पोर हाय, लाजताय कशाला."

फादर इनासांनी ओढली. जपून, अजिबात न येणाऱ्या माणसासारखी. आप्पा पहिल्या रांगेत पाहत होते. मग ते उठून उभे राहिले आणि दोरी फादरांच्या हातात होती तोवर उभेच राहिले.

हे सगळं लिहितेय कारण अलीकडं दोन्हीकडचे लोक मला शिकवायला येतात. माझा नातू सांगतो, आजी, ही गोष्ट ग्रुपवर नको टाकूस, लोक काहीही लिहितात. एक जण लिहितो, तुमच्या आईला भुलवलं. दुसरा लिहितो, चर्चमध्ये असले प्रकार चालवून घ्यायला नको होते. माझ्या आईला कुणी भुलवू शकत नव्हतं, तिनं कापडवाल्यांना चाळीस वर्षं तोंड दिलं होतं. आणि चर्चमधल्यांनी चालवून घेतलं नाही, त्यांनी दोरी ओढली. आई आता नाही, आप्पा नाहीत, फादरही गेले. माझ्या आईनं मेरीचं बारसं केलं. ज्या कुणाला यावर काही म्हणायचं असेल त्यानं मोबाइलवर लिहू नये. समोर येऊन आधी विचारावं. मी घरीच असते.